तुला सुलटी दिसावी म्हणून

साखरपुड्याच्या वेळी सगळ्यांना सगळं विचारून झालं होतं. जेवणात मसालेभात चालेल की पुलाव, आत्याला कुठली साडी, अगदी फोटोग्राफरलासुद्धा, की बाबा रे, तुला पाच वाजता जमेल ना? फक्त नीलांबरीला कोणी विचारलं नाही की शंतनू तुला आवडला का. शंतनूनेही नाही. तो रजा काढून जर्सी सिटीहून नाशिकला आला, पोहे खाल्ले, आईने पसंत केलेली अंगठी तिच्या बोटात घातली आणि परतीच्या विमानात बसला. तिथे त्याच्या लक्षात आलं की आपण या मुलीच्या चांगलेच प्रेमात पडलोय, आणि तिच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊकच नाही. याला म्हणतात वरातीमागून घोडं.

मग दर रविवारी सकाळी तो वेबकॅमसमोर बसू लागला. नाशिकला तेव्हा संध्याकाळ असे. नीलांबरी कॉलेजात भूगोल शिकवायची, पोरांच्या गमती सांगायची, हसायची. पण हसण्याचं काय, माणूस शेजाऱ्यांशीही हसतो. विचारायला जावं तर याची जीभ टाळ्याला चिकटायची. कॅमेरा बंद झाला की रिकाम्या स्क्रीनकडे बघत तो बसून राही, आणि चहा गार होई.

मार्चमध्ये सेंट पॅट्रिक डेसाठी सगळी दुकानं हिरवी झाली, तेव्हा तो ऑफिसातून येताना एका आयरिश दागिन्यांच्या दुकानात शिरला. काउंटरवर एक म्हातारी होती. तिने आधी तीन पानांचं लॉकेट दाखवलं. शंतनूला ते थेट बेलाचं पान वाटलं. मग एक गुंतागुंतीची गाठ दाखवली. हिला सुरुवात नाही, शेवट नाही, कायमचं नातं, म्हणाली. शंतनूने ती परत ठेवली. सात जन्मांचं घरच्यांनी ठरवलंच होतं, त्याला पहिल्याच जन्माची खात्री नव्हती.

शेवटी तिने एक अंगठी काढली. दोन हातांनी धरलेलं हृदय, वर मुकुट. हात म्हणजे मैत्री, हृदय म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. "पण खरी गंमत घालण्यात आहे," ती म्हणाली. उजव्या हातात, हृदयाचं टोक नखाकडे, म्हणजे मन अजून कोणाचं नाही. टोक मनगटाकडे फिरवलं, म्हणजे मन दिलेलं आहे. लग्न झालं की तीच डाव्या हातात. तिच्या स्वतःच्या डाव्या हातात तशीच एक होती, झिजून तारेसारखी झालेली. नवरा केव्हाच गेला होता, टोक अजून मनगटाकडेच होतं.

शंतनूला हवं ते सापडलं. आता बोलायचीच गरज नव्हती.

रूममेट विनयची आई, सुलभाकाकू, त्याच आठवड्यात नाशिकला परतणार होत्या. मेलमध्ये हे सगळं लिहायचा शंतनूला धीर होईना, म्हणून त्याने मान खाली घालून काकूंनाच सगळा अर्थ समजावला. "सांगते रे, नीट सांगते," म्हणत काकूंनी अंगठी रुमालाच्या गाठीत बांधली.

पुढच्या रविवारी नीलांबरीने कासारापुढे धरावा तसा उजवा हात कॅमेऱ्याकडे लांब केला. "बघ, आली!"

टोक नखाकडे होतं.

शंतनू "छान आहे" म्हणाला आणि नेट स्लो असल्याचं सांगून उठला. त्यानंतरचे रविवार त्याने कसेबसे काढले. ती बोलायची, तो अंगठीकडे बघायचा. टोक काही फिरलं नाही. शेवटी विनयच वैतागला. "यार, एकदा विचारून टाक ना. किती दिवस असा सुतकी चेहरा करून फिरणारेस?"

शंतनूने विचारलं. "काकूंनी तुला सगळं सांगितलं ना?"

"हो. तिकडच्या कुठल्याशा देवीची अंगठी आहे, मुकुट आहे, डाव्या हातात घालू नकोस म्हणाल्या."

शंतनूने कपाळावर हात मारला. "आणि मग अशी उलटी का घातलीस?"

"उलटी कुठे? तुला सुलटी दिसावी म्हणून अशी घातली. मला काय, मी दिवसभर बघतेच."

मग त्याने सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. चित्र अडकलं की काय, म्हणून तो पुढे वाकला.

"म्हणजे तू मला विचारत होतास?"

"हो."

"अंगठीकडून आणि काकूंकडून?" ती म्हणाली. "आता तोंडाने विचार."

"मी तुला आवडतो का, नीलू?"

तिने अंगठी काढली, फिरवली आणि पुन्हा घातली. "हो. खूप." शंतनूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता माझं ऐक," ती म्हणाली. "मी कॉलेज सोडून तिकडे डिपेंडंट व्हिसावर घरात बसेन, हे तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलंत. तेही मला कोणी विचारलं नाही. मी नाही येणार, शंतनू. तू येशील?"

शंतनूचा ग्रीन कार्डचा अर्ज नुकताच पुढे सरकला होता. तिने घाई केली नाही, फक्त हात पुन्हा त्याच्याकडे लांब केला. टोक आता मनगटाकडे होतं, आणि स्क्रीनवर ते हृदय पहिल्यांदाच उलटं दिसत होतं. शंतनूने मान वाकडी करून बघितलं, मग आणखी वाकडी केली. ते सुलटं बघायचं, तर तिच्या शेजारी जाऊन बसायला हवं होतं.