मास्तरांच्या गाडीतला मऊ ब्रेक

मी ब्रेक बूस्टर बोलतोय. त्यातही इलेक्ट्रिक. नाव ऐकून बिचकू नका, काम साधं आहे. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवता, तो किती दाबलात ते मी ओळखतो आणि माझ्या मोटरचा जोर त्यात घालून गाडी थांबवतो. तुमचा जोर चिमूटभर, माझा ओंजळभर. शाबासकी मात्र पायालाच मिळते. बॉनेटखालच्या मंडळींनी कौतुकाची आशा धरू नये, हे मी लवकरच शिकलो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोऱ्या गाडीत बसलो आणि वर्ष उलटायच्या आत एका ट्रकनं मागून तिचा पार चेंदामेंदा केला. पुढचा भाग तेवढा शाबूत राहिला, त्यात मी. मग दोन वर्षं भंगारच्या आवारात पडून होतो. तिथून एका मिस्त्रीनं मला उचललं आणि नेलं ते माझ्या आजीच्या वयाच्या गाडीत बसवायला.

ती गाडी मास्तरांची. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. डॉक्टर, दुकानदार, सासवा, सुना, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. शिकाऊ गाडी म्हणून शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. शिकणारा गांगरला की मास्तर तिथून दाबायचे. हा मिस्त्रीसुद्धा त्यांचाच विद्यार्थी. बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, तेवढं त्यांनी शिकवलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोनदा प्रयत्न झाला होता म्हणे, पण दोन्ही वेळा गाडीच्या आधी संसार बंद पडायची पाळी आली.

आता स्कूल बंद झालं होतं आणि मास्तरांकडे एकच काम उरलं होतं, नातीला शाळेतून घरी आणायचं. नात मागे, बाई शेजारी, आणि मास्तर ऐटीत स्टिअरिंगवर. पण जुना बूस्टर आतून फाटला आणि ब्रेक दगडासारखा कडक झाला. तसा दुसरा कुठे मिळेना. लेकीनं निक्षून सांगितलं, "बाबा, ब्रेक नीट झाल्याशिवाय पोरीला त्या गाडीत बसवायचं नाही." मास्तर तीन दिवस गाडीभोवती घुटमळले. चौथ्या दिवशी गाडी घेऊन मिस्त्रीकडे आले.

मला तिथे बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगावर बेतणं होतं. मिस्त्रीनं जाड पत्रा कापून माझ्यासाठी बैठक केली, दांडी आखूड केली, बॅटरीपासून नवी वायर ओढली. शेजारच्या ब्रेकपाशी येऊन तो थांबला.

"मास्तर, हा काढून टाकू का? आता कुणाला शिकवायचंय?"

"असू दे रे. हिला पाय टेकवायला होतो."

मग ब्रेकमधली हवा काढायची होती. हे काम एकट्याचं नाही. एक जण आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी वाकून तेलाची चावी उघडतो आणि बंद करतो. दोघांची गाठ फक्त आवाजानं.

"दाबा!"

"दाबला."

"धरा... धरा... सोडा!"

"सोडला."

सोडला नव्हता. पाय जसाच्या तसा माझ्यावर होता.

"मास्तर, सोडा म्हटलं ना."

"अरे, सोडलाय की! कानात बोळे घातलेत का?"

मिस्त्रीनं मागे जाऊन पाहिलं. ब्रेकचा लाल दिवा जळत होता, म्हणजे पेडल दाबलेलंच होतं. ज्या मास्तरांनी त्याला पहिल्यांदा क्लच दाबायला शिकवलं त्यांच्या पायावर तो कसा संशय घेणार? त्यानं मान हलवली. "जुना माल आहे. याचा सेन्सर अडकत असणार." झालं, खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मला पुन्हा काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. तोवर मास्तर खाली उतरून पाय मोकळे करून आले होते, दिवा विझला होता. दोघंही खूश झाले. मला बोलता आलं असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

कारण त्या पायाचं गुपित त्या दिवशी मला कळलं होतं. तळव्याला काहीच लागत नव्हतं. वर्षानुवर्षं अंगात मुरलेल्या साखरेनं तो आतून बधिर केला होता, आणि इतका हळूहळू की पायाच्या धन्यालाही पत्ता नव्हता. जुना ब्रेक धड होता तेव्हाही जडच, असा काही उलटा ढकलायचा की तो धक्का थेट गुडघ्यापर्यंत जायचा. मास्तर गुडघ्यानं गाडी थांबवत होते! मी आलो मऊ. माझा धक्का गुडघ्यापर्यंत पोचायचाच नाही. ज्या गुणासाठी मला आणलं, तोच त्यांच्या मुळावर आला.

तरी महिनाभर निभावलं. कधी पाय जास्त पडायचा आणि बाईंची मान हिसकायची. "अहो, हा ब्रेक आहे की फटका?" कधी पाय कमी पडायचा. मास्तर मलाच दोष द्यायचे, "नवीन आहे. मुरेल हळूहळू." मी जमेल तेवढं सांभाळून घेत होतो. मिळालेल्या पायाचं मी चीज करू शकतो, पण पायच आला नाही तर मी काय करणार?

आणि एके दुपारी तो आलाच नाही.

नातीला घेऊन गाडी शाळेच्या फाटकातून निघाली. समोर पहिलीची मुलं एकमेकांची दप्तरं धरून रस्ता ओलांडत होती. गाडी उताराला होती. मी तयारीत थांबलो होतो. माझ्यावर कणभरही वजन आलं नाही.

"अहो, थांबवा!"

"दाबलाय! दाबलाय मी! लागत नाहीये!"

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं दणका आला. बाईंनी दोन्ही पायांनी शेजारचा ब्रेक दाबला होता. मी होता नव्हता तो सगळा जोर लावला. गाडी थांबली. शेवटच्या मुलीनं बॉनेटला हात लावून पाहिलं, हसली आणि रांगेबरोबर निघून गेली.

मास्तरांचा श्वास लागला होता. "बघितलंस? ब्रेकच फेल! त्या मिस्त्रीला आता..."

"अहो," बाई अगदी हळू म्हणाल्या, "पाय बघा कुठाय."

पाय पेडलच्या बाजूला, मॅटवर होता. जीव खाऊन दाबलेला. बोटं पांढरी पडली होती.

मागून नातीनं वाकून पाहिलं. "आजोबा, तुमची एकच चप्पल? दुसरी घरी राहिली?"

दुसरी दाराच्या पायरीवरच राहिली होती. एक पाय अनवाणी ठेवून ते उन्हातून गाडीपर्यंत चालत आले होते आणि त्यांना कळलं नव्हतं. मास्तरांनी किल्ली फिरवली, मलाही झोपवलं. बाईंनी लेकीला फोन लावला आणि ती येईपर्यंत तिघंही गाडीतच बसून राहिले.

पुढचं मास्तर मिस्त्रीला सांगत होते, तेव्हा मी ऐकलं. "डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा, टाचणी टोचतो, कळलं की सांगा. मी आपला डोळे मिटून वाट बघतोय, हे कधी टोचणार म्हणून. शेवटी मीच विचारलं, टोचताय ना? तर म्हणाले, पाच वेळा टोचून झालं." मास्तर हसायला गेले. मिस्त्री हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. "दिवा जळत होता, मास्तर," एवढंच तो म्हणाला.

आता नात शाळेच्या गाडीनं येते. आमची गाडी मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मागितली आहे, तिनं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढलंय. म्हणजे माझ्या नशिबी आता रोज नवे, घाबरलेले पाय. येऊ देत. पण माझं एक ऐका. ब्रेकवर भरवसा जरूर ठेवा, पण रोज आधी आपल्या पायाला विचारा, बाबा रे, जागा आहेस ना? आणि घरात कुणाची चप्पल वाटेत गळत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका.

आज मिस्त्री गाडी तिच्याकडे न्यायला आला. किल्ली देण्याआधी मास्तर म्हणाले, "थांब जरा." त्यांनी मला जागं केलं. मग दार उघडून रस्त्यावरच गुडघे टेकले, आत वाकले आणि पेडलवर हाताचा तळवा ठेवला.

हाताला सगळं कळत होतं. त्यांनी हळूच दाबलं, मी हळूच पुढे गेलो. पुन्हा दाबलं. महिनाभर आम्ही रोज बरोबर होतो, आणि माझी त्यांची ओळख आज होत होती.

"अगं," ते म्हणाले, "किती छान बसवलाय गं त्यानं."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उठा आता. गुडघे दुखतील."

"दुखतायत," मास्तर म्हणाले. "दुखू देत जरा."