माझ्या वाडग्यातल्या उभ्या काड्या

कियोला जाऊन सेहेचाळीस वर्षं झाली. त्यातली त्रेचाळीस वर्षं रोज सकाळी भाताचा पहिला वाडगा मी देव्हाऱ्यात तिच्यापुढे ठेवत आले. वाफ तिला, गार भात मला. ती माझ्या नवऱ्याची पहिली बायको.

नवरा, कान्जी, फोटोग्राफर. कियो गेल्यावर कान्जींनी तिच्या वस्तूंचे फोटो काढले. दात पडलेला कंगवा, टाच झिजलेल्या लाकडी चपला, अर्धी वापरलेली लिपस्टिक. टोकियोत बायका ते पाहून रडल्या म्हणे. पुढे पुस्तक निघालं. मी साठाव्या वर्षी वर्गात जाऊन अक्षरं शिकले आणि सगळ्यात आधी त्या पुस्तकाचं पहिलं पान वाचलं. तिथे दोनच शब्द होते, 'फक्त कियोसाठी.' त्यापेक्षा अडाणी होते ते बरं होतं.

माझा त्यांनी एकही फोटो काढला नाही. एकदा लाज सोडून विचारलं, तर म्हणाले, "तू तर समोरच आहेस की गं."

गेली दोन वर्षं त्यांना विसरायला होतंय. परवा दुपारी मी मुळे उपटून घरात आले, तर खिडकीपाशी मेजावर माझा निळा वाडगा. त्यात शिगोशीग भात, आणि भातात माझ्या जेवणाच्या काड्या उभ्या खोचलेल्या. आमच्याकडे असं फक्त मेलेल्या माणसासाठी करतात, त्याच्याच वाडग्यात. शेजारी माझे रबरी बूट, घासूनपुसून ठेवलेले. माझा जुना चष्मा. आणि कान्जी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून उभे.

"अहो, कोण गेलं?"

त्यांनी डोकं बाहेर काढलं. डोळे लाल. "मात्सुए गेली गं, कियो."

मात्सुए म्हणजे मी. हातातले मुळे तसेच राहिले.

"कशी होती?" मला राहवलं नाही.

"तोंडाळ. पण मुळ्याचं लोणचं तिच्यासारखं तुला कधी जमलं नाही. राग नको मानूस."

"मी कशाला रागावू?" मला हसू आवरेना. देव्हाऱ्याकडे पाहून म्हटलं, ऐकलंस का गं?

मी जिवंत आहे, हे सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर कॅमेरा पेटीत गेला असता.

"आणि माझे फोटो किती काढलेत?" मी विचारलं.

"तुझे कशाला? तू तर समोरच आहेस की गं." ते पुन्हा कापडात शिरले. "सरक जरा, कियो. तुझी सावली पडतेय तिच्या बुटांवर."

मी सरकले. मग आतून माझी वर्गातली वही आणली, पहिल्या पानावर वेडंवाकडं नाव लिहिलेली, आणि चष्म्याशेजारी उघडून ठेवली.

"हीपण तिचीच," मी म्हटलं. "नाव नीट येऊ द्या."