चुन्याचं रिंगण

"हालू नोको, गोजरे. हायेस तिथीच बस."

कडूबा बांधावर उभा राहून बायकोला सांगत होता. त्याच्या हातात चुन्याचं रिकामं घमेलं होतं. समोर खळ्यात ज्वारीची रास होती. राशीच्या अलीकडच्या अंगाला एक पांढरा बॉम्ब घुसला होता. पत्र्याची शेपटी तेवढी वर दिसत होती. पलीकडच्या अंगाला गोजरबाई बसली होती. मांडीवर सूप तसंच होतं आणि केसांत, लुगड्यावर ज्वारीचे दाणे उडालेले होते.

"मी कुठी हालून राह्यली," ती म्हणाली. "माह्या पायात जीवच नाही."

शेजारच्या वावरातला इंद्रभान नालीत पालथा पडला होता. त्यानं डोकं वर न काढता हाक दिली. "कडूबा, पळ बे. ते फुटते आता. फुटलं का तुही हाडकं जानेफळात सापडतीन."

कडूबा पळाला नाही. त्यात धीर काही नव्हता. पळायला पाय उचलावा लागतो, तो उचलत नव्हता. आणि त्याचे कान आभाळात होते. बॉम्ब टाकून विमान घाटाकडे गेलं होतं. आवाज बारीक होत चालला होता. मग तो बारीक व्हायचा थांबला.

"वळलं," कडूबा स्वतःशीच म्हणाला.

लढाईचे दिवस होते. गावामागचा माळ सरकारनं घेतला होता. विमान शिकणारी पोरं कुठून तरी लांबून यायची आणि माळावर बॉम्ब टाकायला शिकायची. टेकडीवर तंबू होता, तंबूत एक हवालदार होता. तो लाल बावटा वर चढवी. बावटा वर असला की माळावर गुराढोरांनी, माणसांनी जायचं नाही. माळाच्या मधोमध चुन्याचं एक मोठं रिंगण होतं. पोरांनी त्यात बॉम्ब टाकायचा. वाऱ्यानं, ढोरांच्या पायांनी ते रिंगण पुसट व्हायचं म्हणून रोज सकाळी बावटा चढायच्या आधी कुणीतरी जाऊन ते पुन्हा आखायचं होतं.

ते काम कडूबावर आलं होतं. "तुहं वावर माळाच्या अंगाले हाये," पंजाबराव पाटलांनी चावडीवर सांगितलं होतं. "तू नाही जाशीन तं काय मी जाऊ?" चावडीवरची माणसं हसली होती, कारण कडूबा भित्रा आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. तो विहिरीत डोकावत नसे. विजा चमकल्या की घोंगडी डोक्यावर ओढून घेई. असा माणूस आभाळातून लोखंड पडतं त्या जागेच्या मधोमध उभा राहणार, याची गावाला गंमत वाटली होती. कडूबानं पाटलांना नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचीही त्याला भीतीच वाटत होती.

हवालदारानं त्याला एक खुंटी आणि दोर दिला होता. खुंटी मधे ठोकायची, दोर ताणायचा आणि त्याच्या टोकानं फिरत चुना टाकायचा. पण दोर ताणत फिरायला वेळ लागतो. कडूबा दोर गुंडाळूनच ठेवी. अंदाजानं भराभरा चुना टाकत चाले, आणि चालताना त्याचे डोळे सगळा वेळ वर असत. बावटा चढलेला नाही हे माहीत असूनही वर असत. उरलेला चुना तो घरी आणून ठेवी.

आजही तो माळावरून परत येत होता. बावटा चढला, विमान आलं. ते माळावर काही न टाकताच पुढं आलं, त्याच्या वावरावर खाली उतरलं, आणि कडूबा बांधावर पोचतो न पोचतो तोच त्याच्या राशीतून धूळ उडाली.

आता त्याचं लक्ष खळ्याकडे गेलं. आमच्याकडे उपणणी झाली, रास लागली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढतात. दृष्ट लागू नये, नको ते आत येऊ नये म्हणून. आज गोजरबाईनं राख घेतली नव्हती. घरात चुना होता, तो घेतला होता. खळ्याच्या काठाकाठानं तिनं सगळीकडून रेघ ओढली होती. खळं दोर लावून आखलेलं, शेणानं सारवलेलं. त्यावरची ती रेघ पांढरी लख्ख आणि एकसारखी गोल होती.

"गोजरे," तो म्हणाला. "हे रिंगण तू काढलं?"

"हाव. काऊन?"

"ते विमान याच्यावर येऊन राह्यलं. त्याहीले वरून पांढरं गोल दिसते फक्त."

गोजरबाईनं रेघेकडे पाहिलं, मग बॉम्बकडे पाहिलं. घाटाकडून आवाज परत वाढू लागला.

कडूबा बांधावरून उतरला. पाय कसा उचलला ते त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. तो बॉम्बच्या इतक्या जवळून गेला की शेपटीच्या पत्र्यावरचे खिळे दिसले. रेघेपाशी तो गुडघ्यावर बसला आणि तळहातानं चुना पुसू लागला. चुना पुसला जात नव्हता. सारवणावर पसरून आणखी पांढरा दिसत होता.

"पुसू नका," गोजरबाई म्हणाली. "कुटार टाका त्याच्यावर. कुटार."

उपणलेला भुसा म्हणजे कुटार. ते खळ्याच्या कडेला ढीग लावून ठेवलेलं होतं. कडूबा कवेत भरभरून आणून रेघेवर टाकू लागला. गोजरबाई उठू शकत नव्हती. ती बसल्या बसल्या सरकत गेली आणि सुपानं कुटार लोटू लागली.

"बैल सोडा आधी," ती म्हणाली.

बैल खळ्याबाहेर बाभळीला बांधलेले होते. तांब्या आणि मोऱ्या. आवाजानं दोघं कान टवकारून दाव्याला हिसके देत होते. कडूबा धावला. मोऱ्याची गाठ पटकन सुटली आणि तो शेपूट वर करून वावरात उधळला. तांब्याची गाठ हिसक्यांनी आवळून बसली होती. कडूबाची बोटं चुन्यानं फाटली होती, त्यांना ती सुटेना.

"अवो, इकडची रेघ उघडी हाये," गोजरबाई ओरडली. "माह्याजोळची."

कडूबानं गाठ तशीच सोडली. कुटार आणायला वेळ नव्हता. त्यानं खांद्यावरची घोंगडी तिच्याजवळच्या रेघेवर टाकली, ती पुरली नाही म्हणून उरलेल्या पांढऱ्यावर स्वतः आडवा झाला. गोजरबाईनं त्याच्या डोक्यावर सूप धरलं. सुपानं काय होणार होतं? पण तिच्या हातात तेवढंच होतं.

विमान इतकं खाली आलं की त्याची सावली दोघांवरून गेली. कडूबानं डोळे मिटून घेतले होते. त्याला वाऱ्याचा आवाज ऐकू आला, मग बाभळीकडे ओल्या मातीत दगड पडावा तसा आवाज झाला. बाकी काही झालं नाही. फुटलं काहीच नाही. विमान लांब गेलं आणि या खेपेला ते वळलं नाही.

तांब्या पडला होता. बॉम्ब त्याच्या पाठीवर आला होता. कडूबा जवळ गेला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि नाकातून वारा येत होता. कडूबानं त्याच्या कपाळावर हात ठेवला. हाताचा चुना कपाळावर उमटला. थोड्या वेळानं वारा थांबला.

टेकडीवरून हवालदार लॉरी घेऊन आला. तो घाटाखालचा माणूस होता, बोलायला बरा होता. त्यानं सरळ राशीत हात घालून बॉम्ब उपसून काढला. नालीतून नुकताच बाहेर आलेला इंद्रभान परत नालीत बसला.

"भिऊ नका," हवालदार म्हणाला. "यात दारू नाही. शिकाऊ पोरांसाठी असतो हा. पाहा." आपटून बॉम्बचं टोपण सैल झालं होतं. ते त्यानं फिरवून काढलं आणि बॉम्ब उलटा केला. आतून रेती पडली. कोरडी, नदीची असते तशी. थोडी ज्वारीवरही पडली.

इंद्रभान वर आला आणि हसू लागला. "रेती. कडूबा, रेतीले भेला बे तू. मले वाटलं, काय हाये अन् काय नाही."

"तू नालीत काय कापूस येचत होता का?" गोजरबाई त्याला म्हणाली. मग ती हवालदाराकडे वळली. ती मेढीला, खळ्याच्या मधल्या खांबाला धरून उभी होती. "रेती हाये म्हंता. मंग हे जनावर कायनं मेलं, दादा?"

हवालदारानं बैलाकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "मी वर कळवतो," तो म्हणाला. जाता जाता त्यानं कडूबाला बाजूला घेतलं. "तुझं माळावरचं रिंगण टेकडीवरून पाहिलं मी. वाकडंतिकडं. अंड्यासारखं. पोरानं गोल पाहिलं, तिथं टाकलं. दोर दिलाय ना तुला? उद्या नीट आख."

लॉरी गेली. संध्याकाळी गावची माणसं तांब्याला ओढत घेऊन गेली. मोऱ्या आपणहून परत आला आणि बाभळीपाशी हुंगत उभा राहिला. गोजरबाई राशीतली रेती निवडत बसली. ती सगळी निघाली नाही. त्या वर्षभर त्यांच्या भाकरीत दाताखाली कचकच यायची.

रेती निवडता निवडता ती म्हणाली, "तुमाले तं खळं आखता येते. हे खळं तुमीच आखलं. मंग माळावरचं काऊन वाकडं व्हते?"

कडूबा तिच्याजवळ बसून रेती निवडू लागला.

"वर पाह्यतो मी," तो म्हणाला. "खाली पाह्यलंच जात नाही."

ती सूप हलवत राहिली.

सकाळी कडूबा घमेलं आणि दोर घेऊन निघाला तेव्हा चुन्याची पाटी गोजरबाईच्या डोक्यावर होती. "तू कुठी येऊन राह्यली?" त्यानं विचारलं. "येऊन राह्यली," ती म्हणाली. वाटेत इंद्रभान भेटला. "आता दोघं दोघं का?" त्यानं विचारलं. दोघं पुढं चालत राहिली.

माळावर वारा होता. जागोजाग जुन्या बॉम्बचे पांढरे पत्रे रुतलेले होते. आत रेती आहे हे आता दोघांना माहीत होतं. भीती तेवढीच होती. कडूबानं मधोमध खुंटी ठोकायला दगड उचलला तर गोजरबाईनं दोराचं टोक त्याच्या हातातून घेतलं, मनगटाला वेढा दिला आणि खुंटीच्या जागेवर पाय रोवून उभी राहिली.

"वर मी पाह्यते," ती म्हणाली. "तुमी खाली पाहा."

तिनं मान वर केली. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेला, तो तिनं सावरला नाही. कडूबा दोर धरून मागं मागं सरकला. दोर ताठ झाला. तो वाकला, मुठीतला चुना जमिनीवर सोडत चालू लागला, आणि एकदाही त्यानं वर पाहिलं नाही.