पनवती आणि तीन नंबरचं पोर्ट

आनंदनगर एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर हिरामण गायकरांना अठरा वर्षं झाली होती. ट्रक काट्यावर चढताना इंजिन कसं कण्हतंय त्यावरून ते वजनाचा अंदाज सांगत, आणि तो बहुधा बरोबर निघे. चुकला तर काटा तपासून घ्यायला हवा, असं म्हणत.

तीन महिन्यांपूर्वी मालक सुजितने केबिनमध्ये नवा कम्प्युटर आणला आणि भानगड सुरू झाली. टेबलावरच्या काट्याच्या डब्यात लाल आकड्यांनी वजन दिसायचं, पण ते वायरीतून कम्प्युटरपर्यंत पोचायचंच नाही. स्क्रीनवर वजनाच्या चौकटीत नुसत्या रेघा. मग पावत्या हाताने लिहायच्या आणि गाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत. बरं, हे रोज होत नसे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. सुजित यायचा, मागच्या वायरी काढून कधी मागे, कधी पुढे खोचायचा, आणि कधी दहा मिनिटांत तर कधी दोन तासांनी वजन दिसू लागायचं. कसं दिसू लागलं ते त्यालाही सांगता येत नसे.

हिरामणकाकांनी मात्र कारण शोधून काढलं.

“रूपेशची गाडी पहिली आली, की बंद पडतं,” त्यांनी जाहीर केलं. “मी तारखा लिहून ठेवल्यात.”

खरंच लिहिल्या होत्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लाल पेनाने. सहापैकी पाच तारखांना रूपेशच पहिला होता. रूपेश बदलापूरचा, भंगाराची गाडी चालवणारा, सकाळी सातला गेटवर हजर असणारा हसरा माणूस. दुसऱ्या दिवसापासून काका त्याची गाडी गेटबाहेर थांबवू लागले. आधी दुसरी कुठलीही गाडी काट्यावर जाऊ दे, मग तू. ड्रायव्हर मंडळींना तेवढंच पुरलं. “पनवती पोचली काय?” असं ते फोनवर एकमेकांना विचारू लागले.

रूपेश हसण्यावारी न्यायचा. एकदा फक्त केबिनच्या खिडकीशी येऊन म्हणाला, “काका, घरापर्यंत गेलं हे. आई आता गाडीला दोन-दोन लिंबं बांधते.”

“बांधू दे की. लिंबू वाईट नसतं,” काका म्हणाले, आणि त्यांनी त्याला चहा दिला. माणूस म्हणून त्यांना रूपेश आवडायचाच. तक्रार होती ती त्याच्या पायगुणाबद्दल.

पण गाडी बाहेर थांबवूनही रेघा येतच राहिल्या. “आता नजर लागते त्याची,” काकांनी सुजितला सांगितलं. त्यावर सुजितने उल्हासनगरहून शलाकाला बोलावलं.

शलाका कॅम्प तीनमध्ये कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायची. गुरुवारी साडेनऊला ती स्कूटीवरून आली. त्या दिवशीही सकाळपासून रेघाच होत्या. रूपेश आपली गाडी बाजूला लावून केबिनच्या दारात उभा होता.

“वायर उल्हासनगरची आहे, डुप्लिकेट,” काकांनी तिला आल्या आल्या सांगितलं. “मग दुसरं काय होणार?”

“काका, मीपण उल्हासनगरचीच आहे.”

“तुझं बोलत नाही गं मी. वायरीचं बोलतो.”

शलाकाने खुर्ची ओढली आणि स्क्रीनवर पोर्टांची, म्हणजे कम्प्युटर वायरींना देतो त्या नंबरांची, यादी उघडली. थोडा वेळ ती नुसती वाचत राहिली. मग म्हणाली, “काटा चालू आहे, वायर चालू आहे, कम्प्युटर चालू आहे. फक्त वायर आठ नंबरवर बसलीय आणि तुमचा वजनाचा प्रोग्राम तीन नंबरवर वाट बघतोय.”

“आठ नंबर कुठून आला?”

“कम्प्युटरमध्ये काही खोचलं, की विंडोज विचारते, तू कोण? चांगल्या वायरीला स्वतःचा वेगळा नंबर असतो, आपल्या आधार कार्डासारखा. ही स्वस्तातली, हिला तो नाही. म्हणून ती कुठल्या भोकात बसली तेवढंच विंडोज लक्षात ठेवते. भोक बदललं, की विंडोजला वाटतं ही कोणी दुसरीच वायर, आणि ती नवीन नंबर देते. तीन, चार, पाच, असं करत आठपर्यंत. परत पहिल्या भोकात घातली की पुन्हा तीन.”

सुजितने मान डोलावली. आपलं दोन तासांचं कौशल्य नेमकं काय होतं ते त्याला आत्ता समजलं.

“पण भोक बदलतं कोण?” शलाकाने विचारलं.

“मला नको विचारू,” काका म्हणाले. “मी त्या वायरीला हातसुद्धा लावत नाही.”

शलाकाने आणखी एक यादी उघडली. आधी कधीतरी जोडलेल्या आणि आता नसलेल्या वस्तू त्यात फिकट अक्षरांत दिसत होत्या. “इथे एक फोन दिसतोय. नाव आहे, ‘रूपेश द बॉस’.”

रूपेश दारातल्या दारात अवघडला. “ते पोरांनी टाकलेलं नाव आहे,” तो पुटपुटला.

शलाकाने आतल्या नोंदी वाचायला सुरुवात केली. “चार तारीख, सात दहा, फोन लागला. त्याच मिनिटाला वायर दुसऱ्या भोकात. नऊ तारीख, सात पाच, फोन. लगेच वायर तिसऱ्या भोकात.” ती तारीख वाचायची आणि सुजित कॅलेंडरवर बोट ठेवायचा. अशा चार तारखा जुळल्यावर काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आता त्यांना सगळं दिसत होतं. रूपेशच्या गाडीतला चार्जर कधीचा मेलेला. पहाटे निघालेला पोरगा इथे पोचेपर्यंत फोन बंद. “आण इकडे,” असं आपणच म्हणायचो. चार्जिंगची वायर आखूड, ती पुढच्या एकमेव भोकापर्यंतच पोचायची, आणि तिथे नेमकी काट्याची वायर. आपल्याच हाताने ती उपटायची, फोन लावायचा, आणि काट्याची वायर मागे हाताला लागेल त्या भोकात दाबून द्यायची. गाडी गेटबाहेर थांबवली तरी रूपेश फोन घेऊन आत यायचाच, आणि चहाही प्यायचा.

“म्हणजे पनवती मीच,” काका म्हणाले.

“माझी गाडी तरी गेटबाहेर उभी करता आली,” रूपेश म्हणाला. “तुम्हाला कुठे उभं करायचं, काका?”

शलाका इतकी हसली की तिला माउस सोडावा लागला. काकाही हसले, पण जरा उशिराने. मग ते उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “चुकलं माझं, रूपेश. उगाच नाव लावलं तुला.”

“जाऊ द्या हो,” रूपेश म्हणाला आणि खाली बघत राहिला. एवढं सरळ बोलणं ऐकायची त्याची तयारी नव्हती.

शलाकाने पिशवीतून स्वतःचा नंबर असलेली वायर काढून लावली, जुन्या फिकट नोंदी पुसल्या आणि नव्या वायरीला तीन नंबर दिला. मग ती काकांना म्हणाली, “आता कुठल्याही भोकात घाला.” काकांनी एक-एक करून सहाही भोकांत घालून बघितली. दर वेळी वजन आलं. सुजितने दुसऱ्या दिवशी भिंतीवर चार्जर बसवून दिला.

त्यानंतर कोणी नवा ड्रायव्हर काट्यावर आला, की काका त्याला हा किस्सा ऐकवत. त्यात वायर सदोष असल्याचा संशय त्यांना पहिल्या दिवसापासून असे. पनवती हा शब्द त्यात कुठेच येत नसे. रूपेश शेजारी बसून ऐकायचा, हातात काकांनीच दिलेला चहा असायचा, म्हणून मध्ये काही बोलायचा नाही.