सोप्या वाटेची परीक्षा

माझ्या मुलाच्या डोळ्यांत माझा तिसरा मजला खुपतो. इमारतीला लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. सहा महिन्यांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो म्हणतोय की आई, आता आमच्याकडे तळमजल्यावर राहायला ये. खोली चांगली आहे, सूनही चांगली आहे, भांडायला काही कारणच नाही. पण मी पुस्तकं बांधते. माझं बाइंडिंगचं लोखंडी प्रेस चार माणसांनी वर चढवलं होतं. त्यांतले दोघे आता नाहीत आणि उरलेले दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत. मुलाच्या खोलीत प्रेस मावत नाही आणि प्रेसशिवाय मला करमत नाही.

शेवटी पैज ठरली. गावाबाहेरच्या जंगलात एक गोल वाट आहे. तोंडाशी पाटी आहे: दोन किलोमीटर, सोपी, रमतगमत एक तास. ती एका तासात, कुठेही न बसता पूर्ण केली तर मी माझ्या घरी राहायचं, नाहीतर मुकाट्याने तळमजल्यावर. परीक्षक म्हणून मुलाने त्याच्या मामाचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं नाव सुचवलं. मी भोळेपणाने हो म्हटलं. मुलगा आपल्यावर गेलाय हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

माझा भाऊ तीस वर्षं वाहन परवाना कार्यालयात लोकांची ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायचा. पहिल्या प्रयत्नात कुणालाही पास करायचं नाही, हे त्याचं तत्त्व. एकदा नापास झाला की माणूस ब्रेकची किंमत ओळखतो, असं तो म्हणे. गाव त्याला नापाससाहेब म्हणायचं. त्याने आगीच्या बंबाचा ड्रायव्हर नापास केला, स्वतःच्या साहेबाची बायको नापास केली आणि बत्तीस वर्षांपूर्वी मला नापास केलं. दोन खांबांमधून मी गाडी सुईत दोरा ओवावा तशी मागे घेतली होती. त्याने शेजारी बसून शांतपणे नापास लिहिलं आणि संध्याकाळी माझ्याच घरी येऊन जेवला. मी परत तिकडे फिरकले नाही. कागदांचे गठ्ठे मांडीवर घेऊन आजवर बसने हिंडते आहे.

रविवारी सकाळी दहा वाजता साहेब हजर. नवेकोरे बूट, पॅडला लावलेला फॉर्म, कानावर पेन्सिल. फॉर्म जुनाच होता. ‘आरसे’ खोडून त्याने वर ‘मागे वळून पाहणे’ असं लिहिलं होतं. मुलगा पार्किंगमध्ये वर्तमानपत्र उघडून बसला. भावाने मला नियम वाचून दाखवले. परीक्षार्थी परीक्षकाच्या नजरेआड गेल्यास परीक्षा रद्द. मी म्हटलं, चल आता, तास सुरू झाला.

वाट खरंच सोपी होती. झाडांवर पिवळे पट्टे, पायाखाली मऊ पाचोळा, अधूनमधून बाक, एकूण सात. मी माझ्या चालीने, एकसारखं पाऊल टाकत निघाले. भाऊ शेजारून, अर्धं पाऊल मागे. लाकडी पुलाकडे उतार लागला तसा त्याचा उजवा पाय आपोआप जमीन दाबू लागला. परीक्षकाच्या बाजूलाही ब्रेक असतो ना, ती सवय. वाटेत एक कुत्रं आडवं पसरलं होतं, त्याला मी “सरक रे” म्हटलं. शेजारी पेन्सिल खरखरली. मी मान वाकडी करून वाचलं: हॉर्नचा अनावश्यक वापर.

चौथ्या बाकापर्यंत गुडघा कुरकुरायला लागला होता, पण ऐकण्यासारखं काही बोलत नव्हता. पाचव्या बाकाजवळ माझ्या लक्षात आलं की पेन्सिल बऱ्याच वेळात वाजली नाही. वळून पाहिलं तर साहेबांचा चेहरा पांढराफटक. जन्म शेजारच्या सीटवर बसून काढलेला माणूस, त्यात नव्या बुटांनी टाचा सोललेल्या. त्याने मला नुसता तळहात दाखवला आणि बाकावर बसकण मारली.

माझी पंचाईत झाली. पस्तीस मिनिटं गेली होती. पुढे जावं तर परीक्षा रद्द, बसावं तर नापास, आणि एका जागी उभं राहिलं की माझा गुडघा आखडतो. मग मी बाकाची पाठ धरून बाकाभोवतीच फिरायला लागले. त्याला पाणी पाजलं, बुटांच्या नाड्या सैल करायला लावल्या आणि फिरत राहिले. अकरा फेऱ्या झाल्यावर तो म्हणाला की तुझ्याकडे बघून मला चक्कर येतेय. म्हणजे त्याच्या जिवात जीव आला होता. मला जे बत्तीस वर्षं विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं.

“त्या दिवशी माझं काय चुकलं होतं?”

तो बुटांकडे बघत म्हणाला, “काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“तुझ्याइतकी चांगली गाडी त्या वर्षी कुणीच चालवली नाही, ताई. पण पहिला प्रयत्न होता. मला वाटलं, आठवड्यात परत येशील. तुझा पुढचा फॉर्म मी भरून वरच्या खणात ठेवला होता. रिटायर झालो तेव्हा खण रिकामा करताना सापडला.”

मला इतका राग आला की दोन फेऱ्या गुडघा दुखलाच नाही. तिसऱ्या फेरीला रडू आलं. मी रुसून परत परीक्षेला गेले नाही आणि हा तत्त्वापायी बोलला नाही. दर रविवारी माझ्या घरी जेवायचा, पण एकदाही विषय काढला नाही. मी त्याला गाढव म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं नाही.

पंचवीस मिनिटांनी तो उठला. नियमात बसत नव्हतं, तरी मी त्याचा हात धरला आणि उरलेली वाट दोघांनी लंगडत, रमतगमत पार केली. पार्किंगमध्ये मुलगा घड्याळ धरून उभा होता. एक तास तेवीस मिनिटं. तो हळूच म्हणाला, “आई, आपलं ठरलं होतं.” त्याचा आवाज प्रेमाचा होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. प्रेस हलवायला आता किती माणसं लागतील, याचा विचार माझ्या मनात येऊनही गेला.

भावाने पॅड गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि लिहायला लागला. बाकावरची पंचवीस मिनिटं परीक्षकाच्या नावावर, परीक्षार्थीची अठ्ठावन्न. बसली का? नाही. एकंदर नियंत्रण, उत्तम. खाली त्याने सही ठोकली: पास.

मुलाला ते खरंच वाटेना. “मामा, तुम्ही आयुष्यात कुणाला पहिल्या प्रयत्नात पास केलंय का?”

“नाही,” भाऊ म्हणाला. “यापुढेही करणार नाही.” मग त्याने फॉर्मच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, प्रयत्न क्रमांकाच्या चौकटीत सावकाश दोनचा आकडा काढला आणि कागद माझ्या हातात दिला.