अंगावरचे कपडे

माझी आत्या इतकी सरळ होती, की तिने आखलेली रेघ पाहून पट्टीने मान खाली घालावी. शेजारणीकडून चमचाभर साखर आणली, तर परत करताना चमच्याला चिकटलेले चार दाणेही बोटाने निपटून द्यायची. अशा बाईवर नादारीचा अर्ज करायची पाळी आली. म्हणजे कोर्टापुढे उभं राहायचं, कर्ज फिटत नाही म्हणून कबूल करायचं, जवळ असेल नसेल ते मांडून ठेवायचं आणि मोकळं व्हायचं.

आत्याचं नाटकाचे कपडे भाड्याने द्यायचं दुकान होतं. कुणाला एका संध्याकाळपुरतं राजा व्हायचं असे, कुणाला भूत. आत्या दोघांची मापं सारख्याच गंभीरपणे घ्यायची. मी तिथे टोप विंचरायचो. माझ्या हाताखालून इतके केस गेले, की एखाद्या डोंगराला जावळ आलं असतं. माझ्या स्वतःच्या डोक्यावर मात्र एक टिकला नाही.

मग एक फिरती नाटक कंपनी आली. तिला अख्खं सैन्य हवं होतं. आत्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढून कापड घेतलं, रात्रंदिवस मशीन चालवलं, आणि गणवेश, पट्टे, टोप्यांसकट सैन्य उभं केलं. कंपनी ते सैन्य घेऊन जी दौऱ्यावर गेली, ती गेलीच. कुठे लढतंय कोण जाणे! आजवर ना विजयाची बातमी, ना भाड्याची.

वकिलांनी पहिल्याच भेटीत आत्याला बजावलं होतं. "बाई, अर्ज दाखल होईपर्यंत काही विकायचं नाही, काही लपवायचं नाही, आणि एखाद्याचीच दया आली म्हणून त्याला गुपचूप फेडायचं नाही. एक वस्तू जरी लपवलेली सापडली, तरी अर्ज गेला. मग शिवणाचं मशीनसुद्धा जाईल."

"आणि काही नाही लपवलं तर?" आत्याने विचारलं.

"तर ते तुमच्या धंद्याचं हत्यार. ते सुटतं. अंगावरचे कपडेही कुणी काढून घेत नाही."

आत्याने त्यातलं मशीन तेवढं मनात धरलं. मशीन राहिलं, तर सोमवारपासून घराच्या पुढच्या खोलीत बसून कपडे उसवून-टाचून द्यायचे, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. तो त्यांचा स्वभावच. लग्नातसुद्धा त्यांनी अर्धंच काहीतरी ऐकून मान डोलावली होती, असं आत्या म्हणायची.

नंतरचे दिवस दुकानातली एकेक वस्तू लिहून काढण्यात गेले. बटणवाला समोरून आला, की आत्या रस्ता ओलांडायची. त्याचे पैसे बुडतील या भीतीने नव्हे, तर आपला हात नकळत पर्समध्ये जाईल या भीतीने. वरच्या फळीवरची पेटी तेवढी आतोबांनी उघडली. बराच वेळ आत डोकं घालून बसले आणि म्हणाले, "कसर लागली गं. सगळं चाळणी झालंय. फेकून देतो."

त्या पेटीत दुकानातले भारी पोशाख होते, आणि त्यात राजाचा भरजरी झगा. दुकान सुरू करताना तिने शिवलेला पहिला कपडा. एक अख्खा हिवाळा ती त्यावर वाकून बसली होती. त्याच्या जरीला खरी चांदी होती, आणि तो अंगावर चढवला की आमच्या गल्लीतला बोबडा पोस्टमनसुद्धा स्वच्छ उच्चारात हुकूम सोडायचा. तिने यादीत त्या पेटीच्या ओळीवर काट मारली आणि पुढच्या ओळीकडे गेली.

सहीच्या दिवशी आत्या आणि मी सकाळीच वकिलांच्या ऑफिसात पोचलो. माझ्या मांडीवर एक गाठोडं होतं. ज्या वस्तूची किंमत ठरत नसेल ती घेऊन या, असं वकिलांनी सांगितलं होतं, आणि अशी एकच वस्तू निघाली होती: घोड्याचा मागचा अर्धा भाग. दोन माणसांनी मिळून घालायचा घोडा तो. पुढचा भाग, तोंडासकट, उंदरांनी खाल्ला होता. गाठोड्यातून शेपूट बाहेर लोंबत होतं आणि समोर बसलेल्या टायपिस्ट बाई त्याच्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न करत होत्या.

"साहेब कोर्टातून आत्ता येतील," त्या म्हणाल्या.

हे 'आत्ता' फार लांबलं. आम्ही बसलो तेव्हा खिडकीतल्या कुंडीत एक कळी होती. तिचं फूल झालं, फूल गळलं, आणि माझा डोळा चुकवून त्याला बी धरलं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आत्या मात्र ताठ बसून होती. मांडीवर याद्यांची फाईल, फाईलवर दोन्ही हात.

"आत्या, जरा टेक तरी," मी म्हटलं.

"सही झाली की टेकेन."

तेवढ्यात आतोबा आले. दुकानाला कुलूप लावून येतो म्हणून ते मागे थांबले होते. बाहेर रणरणतं ऊन होतं, आभाळात औषधाला ढग नव्हता, आणि आतोबांनी गळ्यापर्यंत बटणं लावून रेनकोट घातला होता. दारातून ते सरळ आत येईनात. तिरपे होऊन आले. मुळात काटकुळा माणूस, पण आज पाण्याच्या टाकीएवढा घेर झाला होता.

आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अहो, हे काय?"

"पाऊस येईल म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात," आतोबा म्हणाले आणि कडेच्या खुर्चीवर बसायला गेले. खुर्ची कण्हली. मग ते उभेच राहिले. घाम असा वाहत होता, की टायपिस्ट बाईंनी आपली बॅग उचलून टेबलावर ठेवली. त्यांनी पाणी दिलं. आतोबांनी तांब्या संपवला, जग संपवला, आणि फुलदाणीकडे बघायला लागले.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" बाईंनी विचारलं.

"उत्तम वाटतंय," आतोबा म्हणाले, आणि शिंकले.

आता ही शिंक साधी नव्हती. आत इतकं दाबून भरलेलं, त्याला वाट मिळाली. रेनकोटाची बटणं गोळ्यांसारखी सुटली. एक छताच्या पंख्याला लागून परत आलं, एक टाइपरायटरवर पडलं आणि त्याने कागदावर स्वल्पविराम उमटवला. मग पाठीच्या शिवणीने दगा दिला आणि रेनकोटाचे मानेपासून खालपर्यंत दोन तुकडे होऊन जमिनीवर पडले. आत सेनापती उभा होता. छातीवर पदकं, खांद्यावर सोनेरी झुपके, लाल पट्ट्याची विजार.

पदकं किणकिणत राहिली.

"कसर लागली होती ना?" आत्या हळूच म्हणाली.

"अगं, वकीलसाहेबच म्हणाले! अंगावरचे कपडे कुणी काढून घेत नाही म्हणून. मग म्हटलं, अंगावरच असू दे."

"अंगावरचे म्हणजे माणसाने घातलेले. बोचक्यासारखे गुंडाळलेले नव्हेत."

"घातलेच आहेत की! बाही बाहीत आहे."

माझ्या तोंडातून हसू निसटलं. आत्याने एकच नजर टाकली, ते जागच्या जागी परत गेलं.

"सेनापतीच्या आत काय आहे?"

"बनियन."

"अहो."

त्या 'अहो'त वजन होतं. आतोबांनी गणवेश उतरवला. आत जादूगाराचा काळा झगा निघाला. त्याच्या बाहीतून कागदी फुलं, एक रेशमी रुमाल आणि आमचा हरवलेला कातरीचा डबा निघाला. आत्याने फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला सुरुवात केली. "सेनापती, एक. विजारीसकट. जादूगार, एक. अरे, तू घड्या घाल. पुढचं काढा."

"अगं, ऐक तरी," आतोबा काकुळतीला आले. "कुणाला कळणार आहे? तू तर काटही मारली होतीस. एवढं चार-दोन राहिलं, तर पुन्हा दुकान थाटता येईल."

"आणि कुणी ओळखलं, तर मशीन जाईल. त्या मशीनवर सोमवारपासून मला घर चालवायचंय. तुमच्या या भरतीवर मी माझं मशीन पणाला लावणार नाही. काढा."

जादूगार उतरला. आता आतोबा न्यायाधीशाच्या झग्यात उभे होते, गळ्याला पांढरी पट्टी, चेहऱ्यावर फाशीच्या कैद्याचा भाव. नेमकं त्याच वेळी दार उघडून वकीलसाहेब धापा टाकत आत आले. समोर न्यायाधीश पाहून त्यांची कंबर आपोआप वाकली.

"माफी असावी साहेब, खालच्या कोर्टात उशीर झाला, पुढची तारीख मिळाली तर—" एवढं म्हणून त्यांनी वर पाहिलं. मग माझ्या मांडीवरचं शेपूट पाहिलं. मग जमिनीवरचा सेनापती. आणि पुढचं सगळं वाक्य गिळून टाकलं.

"वकीलसाहेब, जरा थांबा," आत्या म्हणाली. "यादी अजून पुरी झाली नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आतोबांनी झग्याची कड दोन्ही मुठींत धरली होती. त्या मुठींमधून जरीचा एक दोरा बाहेर आला होता आणि खिडकीतल्या उन्हात चमकत होता. मी तो पाहिला. आत्याने माझ्या आधी पाहिला असणार. स्वतःचा टाका कोण ओळखत नाही? वकिलांच्या जागेवरून तो दिसत नव्हता. आत्याने आता फाईल मिटली असती, तरी जगात कुणाला कळलं नसतं.

आतोबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "हा तरी राहू दे गं. धंद्यासाठी नाही. तू केलेला आहे म्हणून."

आत्याचं पेन थांबलं. अख्ख्या सकाळीत पहिल्यांदाच तिची पाठ खुर्चीला टेकली. टायपिस्ट बाईंची बोटंही वरच्या वर राहिली. मग ती उठली, आतोबांच्या पुढे गेली आणि एखाद्या लहान मुलाचं सोडवावं तसं न्यायाधीशाच्या झग्याचं एकेक बटण तिने स्वतः सोडवलं. आतला राजा उजेडात आला. खोलीला इतकी झळाळी आली, की वकिलांनी चष्मा पुसला.

"शिवला मीच ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "मग शिवणारी कुठे पळालीये? काढा हा. हात काही यादीत घालायचे नाहीत."

आतोबांनी झगा उतरवला. आत्याने त्याची घडी मला घालू दिली नाही. स्वतः घातली, कागदावर 'राजा, एक, चांदीची जर' असं ठसठशीत लिहिलं, आणि पुढे खरी, पुरेपूर किंमत घातली. एक पैसा कमी नाही.

वकीलसाहेब मटकन बसले. "बाई, मी वेळेवर आलो असतो, तर तुम्ही खोट्या यादीवर सही केली असती. आणि कर्ज देणाऱ्यांचा माणूस घरी येऊन बघणार होता."

"कधी?"

"उद्याच."

आतोबांच्या अंगावर आता बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, एवढाच ऐवज उरला होता. टायपिस्ट बाई भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करत होत्या.

"आता शेवटचं," आत्या म्हणाली. "या गाठोड्यातल्याची किंमत काय लावू?"

मी ते सोडून घोड्याचं मागचं अंग टेबलावर ठेवलं. वकिलांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, शेपूट ओढून पाहिलं.

"पुढचा भाग?"

"उंदरांनी खाल्ला."

"मग शून्य लिहा. अर्ध्या घोड्याला कोण पैसे देतो?"

आत्याने शून्य लिहिलं, पानापानावर सही केली आणि पेनाचं टोपण लावलं. वकिलांनी फाईल उचलून उराशी धरली. "मशीन तुमचं, बाई. आता माझ्याकडून उशीर होणार नाही, आत्ताच दाखल करतो."

"थांबा," आत्या म्हणाली. "तुमच्या काळ्या कोटाचं अस्तर उसवलंय. मघाशी वाकलात तेव्हा दिसलं. सोमवारी आणून टाका. संध्याकाळी मिळेल. पैसे रोख. उधारी मी आजपासून कायमची बंद केलीये."

वकील हसले आणि निघाले. निघता निघता थबकले. "पण हे घरी जाणार कसे?"

आम्ही सगळ्यांनी आतोबांकडे पाहिलं. मग टेबलावरच्या शून्य किमतीच्या वस्तूकडे पाहिलं. आतोबा दोन पावलं मागे सरकले.

"नाही हं," ते म्हणाले.

"अंगावरचे कपडे कुणी काढून घेत नाही," आत्या म्हणाली. "साहेबच म्हणाले."

ती दुपार आमच्या रस्त्याने जन्मात विसरू नये. पुढे आत्या, यादीतले कपडे वकिलांच्या ऑफिसात ठेवून, मान ताठ, रिकामे हात झुलवत, जणू लढाई जिंकून चाललेली. तिच्या मागे छातीपर्यंत तपकिरी केसाळ विजार चढवलेले आतोबा, आणि पाठीमागे पावलागणिक डावीउजवीकडे उडणारं शेपूट. दुकानदार गल्ला सोडून बाहेर आले. एक खरा घोडा, टांग्याला जुंपलेला, वळून इतका हसला की टांगेवाल्याला उतरून त्याला पाणी पाजावं लागलं. बटणवाला समोरून आला. या वेळी आत्याने रस्ता ओलांडला नाही. "तुमचं नाव यादीत आहे," ती म्हणाली, "वाटणीत येईल तेवढं कोर्टाकडून मिळेल. सोमवारी काळी बटणं लागतील. पैसे देऊन घेईन." तो हो म्हणाला. बिचारा बोलत आत्याशी होता आणि बघत शेपटाकडे.

"अगं, जरा हळू चाल ना," मागून आतोबा कळवळले. "मला या पायांत पळता येत नाही."

आत्या वळलीसुद्धा नाही. "मागच्या पायांनी पुढच्या पायांना शिकवायचं नसतं," ती म्हणाली, आणि मशीनला तेल द्यायचं होतं म्हणून तिने आणखी लांब ढांगा टाकायला सुरुवात केली.