डोंगरातून गेलेला गाळ

ध्रुवाजवळच्या त्या खाडीचं पाणी गंधालीने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण ते कुठे किती गढूळ आहे हे ती अंधेरीच्या ऑफिसात एसीखाली शाल गुंडाळून ठरवायची. मोहिमेवाल्यांनी मोजक्या जागी बाटल्या भरून आणल्या होत्या. मधल्या पाण्यातला गाळ जवळपासच्या बाटल्यांवरून अंदाजाने भरायचा, हे तिचं काम.

नकाशा झकास झाला. जास्त गाळ तिथे लाल, नितळ पाणी तिथे निळा. हिमनदीच्या तोंडाशी लालभडक, आणि डोंगरापलीकडच्या दुसऱ्या खाडीतही लाल, जिथे एकही बाटली भरली नव्हती. त्या लाल डागाच्या जोरावर तिचे बॉस शरच्चंद्र सर यांनी दुसरी मोहीम मंजूर करून घेतली आणि जाणाऱ्यांत गंधालीचं नाव घातलं. मुलुंडला आईने सोसायटीभर पेढे वाटले.

मग गंधालीला स्वतःची चूक दिसली.

"सर, सॉफ्टवेअरने अंतर सरळ रेषेत मोजलंय. मधला डोंगर मी सांगितलाच नाही त्याला. मुलुंडहून बोरिवलीला कोणी नॅशनल पार्कच्या पोटातून जातं का?"

"बोगदा खणतायत की आता."

"गाळाला बोगदा नाही, सर. पलीकडे तो पोचणारच नाही."

"तुला जायचंय ना?"

"जायचंय."

"मग डोंगर कशाला मध्ये आणतेस?"

तिने आणला. नकाशा पुन्हा केला, पलीकडची खाडी निळी झाली आणि तो सरांना पाठवला. आठवड्याभरात तिच्या जागी धवलचं नाव आलं.

"चिडू नको ना यार," तिच्या शेजारी बसणारा धवल म्हणाला. "तिकडून चॉकलेट आणतो तुला."

त्याने आणलं. पलीकडच्या खाडीच्या बाटल्याही आणल्या. पाणी गाळलं तर गाळणकागद जवळजवळ कोरेच. आता सरांचं तोंड पडणार म्हणून गंधाली केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली.

सर खुशीत होते. "एका वर्षात एवढा गाळ गायब. केवढा शोध आहे हा. जुना लाल नकाशा आणि नवा निळा शेजारी शेजारी छापायचे."

"सर, गाळ तिथे नव्हताच. मी सांगितलं होतं."

"तो गेला कुठे, हे शोधायला तिसरी मोहीम मिळालीय. या वेळी तूच जायचंस. डोंगर तिकडे जवळून बघ. जॅकेटचं माप सांग."



"मीडियम," ती म्हणाली. "आत स्वेटर घालायचा असेल तर लार्ज."